झाकणाची आतली बाजू

उष्णता बघण्यासाठी नागपूर सोडून लोणावळ्याकडे जाणारा मी बहुधा पहिलाच माणूस असेन. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी नळाला आपोआप कढत पाणी येतं आणि फाटकाचं कुलूप उघडायला रुमाल लागतो. त्यातून माझी सगळी नोकरी कोळशाच्या वीजकेंद्रात, बॉयलरसमोर झाली. तेव्हा उष्णता या विषयात मला कोणी काही शिकवावं, हेच मला पटत नव्हतं. पण माझी भाची वैदेही फोनवर म्हणाली, "मामा, तुझा बॉयलर माझ्यापुढे माठातलं पाणी आहे. विश्वास नसेल तर ये आणि बघ." एवढा अपमान झाल्यावर तिकीट काढणं भागच होतं.

वैदेही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. मावळातल्या सुदुंबरे गावाजवळ एका शेडमध्ये तिचा प्रयोग चालतो. बहीण शेजारणींना सांगते की पोरगी पुण्याकडे सूर्य बनवते, आणि शेजारणी समजतात की ती गच्चीवर पाणी तापवायच्या टाक्या बसवते. खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. सूर्याच्या पोटात हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळतात आणि त्यातून ऊर्जा निघते. तेच जमिनीवर घडवायचा खटाटोप जगात बऱ्याच ठिकाणी चालला आहे. त्यासाठी वायू इतका तापवावा लागतो की त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. प्लाझ्मा तापवायच्या अनेक तऱ्हा आहेत. वैदेहीची तऱ्हा म्हणजे दाबून तापवायची. बाकीचं मला तिथे गेल्यावर कळलं. जे कळलं ते लिहून काढतो आहे, कारण परत आल्यापासून नागपुरातले मित्र मला एकच प्रश्न विचारतात, "चिक्की आणली का?"

लोणावळा

सुदुंबरं पुण्यापासून जवळ, तरी मी हट्टाने आधी लोणावळा गाठलं. लोणावळा न बघता परतलो असतो तर आमच्या कट्ट्यावर तोंड दाखवायची सोय राहिली नसती. दसरा दोन दिवसांवर होता. पाऊस सरला होता, पण ढगांना कोणी ते सांगितलेलं दिसत नव्हतं. ते रस्त्यावरून माणसांसारखे चालत होते. मी एका पॉइंटवर गेलो. दरी अजिबात दिसत नव्हती, तरी सगळे तिचे फोटो काढत होते. मीही काढला. माझ्या फोनमध्ये आता पांढऱ्या चौकोनाचे अकरा फोटो आहेत आणि ते मी सर्वांना दाखवतो.

बाजारात ज्या दुकानात शिरावं ते चिक्कीचं मूळ दुकान निघतं. बाजूच्या दुकानातली चिक्की नकली, हे प्रत्येक जण इतक्या प्रेमाने सांगतो की दोघांकडूनही घ्यावी लागते. आमच्याकडे संत्रा बर्फीचं असंच आहे, पण आम्ही शेजारच्या दुकानाला एवढ्या आदराने नावं ठेवत नाही. मी तीन पिशव्या भरल्या. तेवढ्यात वैदेही स्कूटरवरून आली. केसांवर धुक्याचे थेंब, डोळ्यांखाली काळं. पोरगी वाळली होती. मला वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी म्हटलं, "काय गं बाप्पा, सूर्याजवळ राहून काळी तरी व्हायचीस."

कांदाभजी खाताना तिने सगळं सांगितलं. तिच्या नळीत प्लाझ्मा तयार होत होता, टिकत होता; पण दाबल्यावर जेवढा तापायला हवा तेवढा तापत नव्हता. दरवेळी दाबताना, त्याला ते शॉट म्हणतात, एक ॲल्युमिनियमची नळी चेपून निकामी होते. अशा नळ्यांतली आता शेवटची एकच उरली होती.

"या वेळी तापलं नाही, तर दिवाळीनंतर शेड रिकामी करायची," ती म्हणाली. "पैसे देणाऱ्या समितीने स्पष्ट सांगितलंय. त्यांचे एक सर या आठवड्याअखेर शॉट बघायला येणार आहेत."

"आणि मग तू?"

"मग मी नागपूरला येते. तुझ्यासोबत कट्ट्यावर बसते."

ती हसली, पण भजी तशीच राहिली. ती मी संपवली, आणि सवयीप्रमाणे खिशातून खर्रा काढला. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून तळहाताने घासघास घासतात, त्याला आम्ही खर्रा म्हणतो. तो वाईट असतो हे आम्हाला माहीत आहे. वैदेहीने ती पुडी झडप घालून जप्त केली. कोटाच्या आतल्या खिशात दुसरी होती, ते मी तिला सांगितलं नाही.

कामशेत

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. जुन्या हमरस्त्याने आम्ही स्कूटरवर निघालो. पुढे वैदेही, मागे मी, मध्ये चिक्की. दोन्ही बाजूंना भात पिकायला आलं होतं आणि डोंगरांचे माथे सोनकीच्या फुलांनी पिवळे झाले होते. कामशेतच्या बाजारपेठेत शिरताना मागचं चाक बसलं. वैदेही म्हणाली, चिक्कीमुळे. मला तो टोमणा कळला.

पंक्चर काढणारा आपल्या कॉम्प्रेसरला झेंडूची माळ घालत होता. "लाईट गेलीया," तो म्हणाला. "हातानं भरावं लागंल. पाव्हनं, दाबता का जरा?"

पायाखाली धरायचा लांब पंप त्याने माझ्या हाती दिला. साठी उलटलेल्या माणसाला पाहुणा म्हणायचं आणि पंप मारायला लावायचा, ही मावळची रीत मी इथे नोंदवून ठेवतो. मी घामाघूम झालो तेव्हा वैदेहीने माझा हात धरून पंपाच्या बुडाला टेकवला. चटका बसला.

"हा माझा प्रयोग," ती म्हणाली. "वारा दाबला, तापला. संपलं."

"मग त्याला शेड कशाला हवी? इथेच बसायचं होतंस."

"कारण पंपातला वारा नळकांड्याला टेकतो आणि आपली उष्णता त्याला देऊन मोकळा होतो. तुझा हात पोळला तो त्यामुळेच. मला वारा तापवायचाय, नळकांडं नाही. म्हणून मी प्लाझ्माच्या अंगात चुंबकक्षेत्र ठेवते. ते त्याला भिंतीपासून धरून ठेवतं. आणि दाबते इतकं झटकन, की उष्णतेला पळून जायला वेळच मिळू नये."

पंक्चरवाल्याने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "म्याडम, म्हागचा टायरबी बदलायला झालाय."

सुदुंबरे

शेड बाहेरून गोदामासारखी दिसते. शेजारच्या गाळ्यात मोटारीचे सुटे भाग बनतात, मागे कोणाची तरी मेथी आहे. शेडचे आत दोन भाग. बाहेर कारखाना: लेथ, ड्रिल, वेल्डिंग. आत काचेचं दार लावलेली स्वच्छ खोली, आणि तिथे ते यंत्र. दारावर वैदेहीने स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: 'हळद, कुंकू, फुले, नारळ, उदबत्ती आत आणू नये.'

खंडेनवमीला आपल्याकडे यंत्रांची पूजा होतेच. बाहेरच्या लेथला हार होता, ड्रिलला कुंकवाची पाच बोटं होती, झाडूलासुद्धा टिळा होता. सगळी मंडळी पेढे खात होती. काचेपलीकडचं यंत्र मात्र स्टीलच्या अंगाने कोरं करकरीत उभं होतं.

"ह्याला तेवढं काही नाही?" मी विचारलं.

"व्हॅक्यूम आहे मामा. आतली हवा उपसून काढतो आम्ही. धुळीचा कण चालत नाही, तू कुंकवाचं काय घेऊन बसलास." हे ती जरा जास्तच जोरात म्हणाली, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

यंत्राची ओळख मिलिंदभाऊंनी करून दिली. हे तिथले फिटर, सुदुंबऱ्याचेच. पन्नाशीचे, इस्त्रीच्या शर्टातले, बोलताना बोल्ट फिरवत राहणारे. एका टोकाला प्लाझ्माचं कडं तयार होतं, मेदूवड्यासारखं, मध्ये भोक असलेलं. ते ढकलत मधल्या ॲल्युमिनियमच्या नळीत आणतात. मग नळीभोवतीच्या वेटोळ्यातून विजेचा एक जबरदस्त झटका सोडला की नळी चहूबाजूंनी आत चेपते आणि कड्याला पळायला जागा उरत नाही.

मी नागपूरचा आहे हे कळल्यावर मिलिंदभाऊंनी पाना खाली ठेवला.

"आमचे आबा छप्पन साली तितं गेलते," ते म्हणाले. "गाडीला लटकून. मी दर साली दसऱ्याला दीक्षाभूमीला असतो. औंदा शॉट हाये म्हनून न्हाई गेलो." मग माझ्याकडे बघून हसले. "तर नागपूरच हितं आलं."

मला आनंद झाला आणि थोडी शरमही वाटली. मी दीक्षाभूमीपासून पायी जाण्याच्या अंतरावर राहतो, आणि दसऱ्याला बहुतेक वेळा वाहतूक कशी तुंबली एवढंच बोलत असतो.

यंत्राच्या बाजूचं एक भोक उघडं होतं. त्याचं थाळीएवढं स्टीलचं झाकण टेबलावर पालथं न ठेवता उताणं ठेवलेलं. मला टोपी, मोजे, कोट चढवून आत डोकावू दिलं. मी नाक घालून बघितलं. आत काही नव्हतं, आणि ते काही नसणंच फार महाग असतं असं कळलं. निघताना वैदेही म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी दिवे बंद करून येते." आम्ही स्कूटरपाशी बराच वेळ उभे होतो. दिवे बंद करायला इतका वेळ लागतो, हेही मला तेव्हा खटकलं नाही.

इंदुरी आणि दसरा

वैदेही इंदुरीत दोन खोल्या घेऊन राहते. खिडकीतून इंद्रायणी दिसते आणि जुन्या किल्ल्याची तटबंदी. घरमालकांनी दसऱ्याला आपट्याची पानं देऊन 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हटलं, जेवायला इंद्रायणी तांदळाचा भात वाढला. तो भात चिकट असतो, पण वास असा की वरण विसरायला होतं. आमच्याकडे भाताचा दाणा न् दाणा सुटा लागतो. इथे सुटा भात वाढला तर यजमानाचं मन सुटं आहे असं समजत असावेत.

मिलिंदभाऊंनी सकाळी शेडवर जाऊन झाकण बसवलं, पंप चालू केला आणि मग पांढरे कपडे घालून विहारात गेले. संध्याकाळी त्यांनी मला घरी नेलं. त्यांच्या आईने खीर वाढली आणि विचारलं, "तितं आता लय मोठं झालं असंल न्हाई?" मी पाहिलं होतं तेवढं सगळं सांगितलं, आणि नव्हतं पाहिलं त्याबद्दल गप्प बसलो.

दोन जांभळ्या रेघा

दुसऱ्या दिवशी चाचणीचे शॉट. यात नळी चेपायची नसते. नुसतं कडं तयार करून ते किती टिकतं ते बघायचं. आम्ही दुसऱ्या खोलीत, पडद्यासमोर. भोंगा वाजला, धप्प आवाज झाला. बॉयलरमध्ये मी याहून मोठे आवाज ऐकले आहेत, पण तसं बोललो नाही.

वैदेहीचा चेहरा उतरला. कडं तयार होत होतं आणि लगेच विझत होतं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. आधी कधी असं झालं नव्हतं. मग तिने प्लाझ्माच्या उजेडाचे रंग सुटे करून दाखवणारी पट्टी पडद्यावर आणली; कुठल्या रेघेवरून आत कुठलं मूलद्रव्य आहे ते तिला कळतं. त्यात जांभळ्या रंगाच्या दोन ठळक रेघा होत्या.

"कॅल्शियम," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आत परकं काहीतरी गेलंय. असे अणू प्लाझ्मात शिरले की त्याची उष्णता उजेड करून बाहेर फेकतात. चुलीवर पातेलं ठेवावं आणि बुडाला भोक असावं, तसं." ती पट्टीकडे बघत राहिली. "कॅल्शियम कुठून येणार? चुना—"

मग ती थांबली, आणि तिची नजर सावकाश माझ्या खिशावर आली.

मिलिंदभाऊंनीही बघितलं. "मामा, परवा तुमी आत डोकावलतं," ते हळूच म्हणाले. "मिशीत काय असंल तर..."

माझी मिशी भरघोस आहे. तिचा मला अभिमान होता. त्या क्षणी ती मला गुन्हेगारासारखी वाटली. खरं सांगायचं तर मी त्या सकाळी एक चिमूट खाल्ली होती. या पोरीची एवढ्या वर्षांची मेहनत, आणि तिच्या मामाच्या मिशीतल्या चुन्याने ती वाया जावी! मी पुडी काढून टेबलावर ठेवली. वैदेही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मामा, उद्या तू शेडवर येऊ नकोस," एवढंच म्हणाली.

डोंगराच्या पायथ्याशी

हाकललेल्या माणसाने पर्यटन करावं. मी कामशेतला गेलो आणि तिथून एका जीपने डोंगराकडच्या वाडीपर्यंत. एका बांधावर एक म्हातारी भाताची राखण करत बसली होती. हातात डबा आणि काठी. पोपट आले की डबा वाजवायचा, गेले की मिश्री लावायची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. मी तिच्याकडे भुकेल्या नजरेने बघितलं असणार, कारण तिने फडक्यातली नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. चटणीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाकी पाण्यालाही तेवढं निमित्त मिळालं.

"कुटनं आला, पाव्हनं?"

"नागपूरहून, मावशी. भाचीकडे आलो होतो. तिने घराबाहेर काढलं."

"अगं बया. काय केलंसा?"

मी सगळं सांगितलं. वायू दाबायचा, तो तापतो, त्यात घाण चालत नाही, माझी मिशी.

मावशींनी त्यातलं पहिलंच वाक्य धरलं. "दाबलं की तापतंय? त्यात शिकायचं काय एवडं? मानूसबी दाबला की तापतंय." आणि त्या इतक्या हसल्या की पोपटांचा थवा येऊन अर्धं खाचर खाऊन गेला. डबा वाजवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पर मिशीतनं पडताना बगितलं का तुमी?"

"नाही."

"कुनी बगितलं?"

"कोणीच नाही."

"मंग काडून बगा की. हितं बसून काय रडताय?"

हे मला सुचलं नव्हतं, कारण मी स्वतःला दोषी ठरवून मोकळा झालो होतो. मी भाकरी संपवली आणि जीप शोधायला लागलो.

पुन्हा सुदुंबरे

वैदेही झाकण उघडायला तयार नव्हती. उघडलं की आत हवा शिरणार, ओल शिरणार, पुन्हा सगळं तापवून उपसावं लागणार. आणि समितीचे सर परवा येणार होते. चाचणीचे शॉट मारत राहिलं की आतली घाण हळूहळू जळून जाईल, असं तिचं म्हणणं होतं. पण प्रत्येक शॉटला त्या दोन रेघा तशाच उभ्या होत्या.

"उघड," मी म्हणालो. "आत माझ्या खर्ऱ्याचा एक कण जरी सापडला, तर मी इथल्या इथे मिशी काढतो."

शेडमधली सगळी कामं थांबली. मावळात मिशीच्या पैजेला अजून मान आहे. मिलिंदभाऊंनी पाना उचलला आणि वैदेहीकडे बघितलं. तिने मान हलवली.

झाकण निघालं. मिलिंदभाऊंनी ते उताणं करून टेबलावर ठेवलं आणि आम्ही सगळे त्यावर वाकलो. आतल्या बाजूला मधोमध एक उथळ खोलगट जागा होती. तिथे काळपट लाल ठिपका होता. बोटाएवढा.

तो ठिपका काय आहे हे सांगायला तिथे शास्त्रज्ञ लागत नव्हता. हळदीत चुन्याचं पाणी मुरवलं की कुंकू होतं, हे माझी आई दर वर्षी परातीत करून दाखवायची. दोन जांभळ्या रेघा तिथे बसल्या होत्या.

"माझ्याकडं बगू नका," मिलिंदभाऊ हात वर करून म्हणाले. "आमच्या घरात कुंकूच न्हाई."

सगळे हसले. वैदेही हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"मी लावलं," ती म्हणाली.

दारावरची ती पाटी आमच्या सगळ्यांच्या मागेच होती.

"नवमीला सगळ्या यंत्रांना लावलं होतं," ती खाली बघत बोलू लागली. "झाडूलासुद्धा. हेच तेवढं ओकंबोकं. आई दर वर्षी माझ्या शाळेच्या कंपासपेटीला लावायची, मामा, तुला आठवतं? मला वाटलं, यावर्षी तरी... शेवटचीच नळी आहे. पर्समधला करंडा काढला आणि झाकणाला बोट टेकवलं. पण मी बाहेरच्या बाजूला लावलं होतं! बाहेर लावून काय होणार होतं?"

"म्याडम," मिलिंदभाऊ म्हणाले, "झाकण उताणं व्हतं. आतली बाजू वर."

वैदेहीने डोळे मिटले. "रोज मीच ओरडते," ती म्हणाली. "झाकण उताणं ठेवा, आतल्या बाजूला ओरखडा जाईल."

"आन मी घाईत व्हतो. विहारात जायचं व्हतं. कडा पुसली, मधी बगितलंच न्हाई." मिलिंदभाऊंनी एक उसासा टाकला. "अर्धं माझंबी."

ती माझ्याकडे वळली. "मामा, मी तुला..." लहानपणी पडल्यावर ती अशीच उभी राहायची, रडू गिळून. मी तिला जवळ घेतलं. माझा राग होता की नव्हता ते मला आता आठवत नाही. सुटका झाल्याचा आनंद मात्र पक्का आठवतो. मिशीही वाचली होती.

मग मी न्यायनिवाडा केला. तिने माझी खर्ऱ्याची पुडी आधीच जप्त केली होती. मी तिच्या पर्समधला करंडा जप्त केला. दोन्ही वस्तू मिलिंदभाऊंच्या ताब्यात दिल्या, कारण त्या शेडमध्ये दोन्ही व्यसनांपासून दूर असलेला तो एकच माणूस होता. त्यांनी त्या दोन्ही खिशांत घातल्या आणि बटणं लावली.

शॉट

दोन दिवस आम्ही पंपाचा आवाज ऐकत काढले. झाकण स्पिरिटने इतकं पुसलं की त्यात मी माझी मिशी विंचरू शकलो असतो. चाचणीचे शॉट घेतले. जांभळ्या रेघा अंधुक झाल्या, मग दिसेनाशा. कडं टिकू लागलं, पूर्वीपेक्षाही जास्त वेळ; इतकं स्वच्छ हे यंत्र आधी कधी नव्हतंच, असं वैदेही म्हणाली.

समितीचे सर आले. वयस्कर, कमी बोलणारे. मी दिलेली चिक्की त्यांनी कागदात बांधून खिशात ठेवली, त्यावरून माणसाचा अंदाज येईना. शेवटचा शॉट. वैदेहीने बटणावर बोट ठेवलं आणि एकदा मिलिंदभाऊंकडे बघितलं. त्यांनी खिशावर हात ठेवून 'आहे, सुरक्षित आहे' अशी खूण केली.

भोंगा वाजला. या वेळचा आवाज वेगळा होता. पायाखालची फरशी हलली आणि मागच्या मेथीतून बगळे उडाले. मग पडद्यावर तापमानाची रेघ काढली जाऊ लागली. आधी सपाट. मग वर. मी बॉयलरच्या काट्यांकडे जन्मभर बघितलं आहे, पण कुठल्या रेघेकडे इतका जीव मुठीत धरून बघितलं नव्हतं. ती चढत राहिली. वैदेहीने आधी गणित करून तुटक रेघेने काढून ठेवलेला मार्ग होता, त्याच्या जवळून चढली, वर पोचली, आणि मग कोसळली, कारण तोवर नळी पूर्ण चेपली होती. हे सगळं पापणी लवायच्या आत घडलेलं. पडद्यावर आम्ही ते सावकाश बघत होतो. सूर्य बनला नाही, वीज निघाली नाही. दाबलं आणि तापलं, एवढंच झालं. पण तेवढ्यासाठीच ती पोर तिथे उभी होती.

सरांनी दुसऱ्या उपकरणाचीही नोंद मागितली. ती बघितली. पुन्हा पहिली बघितली. मग कागद घडी करत म्हणाले, "पुढची नळी जरा लांब मागवा. दिवाळीनंतर या शेडमध्ये जागा पुरेल ना?"

वैदेही "हो" म्हणाली आणि पटकन खुर्चीत बसली. मी बाहेर जाऊन मेथीकडे बघत उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं आणि नागपूरकराने शेडमध्ये रडू नये.

संध्याकाळी यंत्र उघडलं. मिलिंदभाऊंनी ती शेवटची नळी बाहेर काढली. आत गेली तेव्हा ती चांगली मनगटाएवढी पोकळ होती. आता ती एक वेडीवाकडी घट्ट कांडी झाली होती. मधलं भोक कुठे होतं ते शोधूनही सापडेना. मिलिंदभाऊंनी ती वैदेहीच्या हातात दिली. मग डाव्या खिशाचं बटण काढून करंडा पुढे केला. उजव्या खिशाचं बटण मात्र त्यांनी उघडलं नाही, मी दोनदा खोकलो तरी.

वैदेहीने बोट कुंकवात बुडवलं आणि थबकली. कांडी या बाजूने फिरवून बघितली, त्या बाजूने फिरवून बघितली, दिव्याखाली धरली.

"लावा, म्याडम," मिलिंदभाऊ म्हणाले. "आता ह्याला आतली बाजूच ऱ्हायली न्हाई."